नवे नोड नेटवर्कवरून बूट होत नाहीत? कार्ड तीनदा जागं होतं, तिथून शोध सुरू करा

रॅकमध्ये सर्व्हर चढले, केबली लागल्या, दिवे हिरवे झाले. हेड नोड (क्लस्टरमधल्या बाकीच्या नोडांना, म्हणजे सर्व्हरांना, सांभाळणारा मुख्य सर्व्हर) तोच, डीएचसीपी (नोडना आयपी पत्ता देणारी सेवा) तोच, इमेज (नोडवर उतरणारी तयार ऑपरेटिंग सिस्टिम) तीच. शेजारच्या रॅकमधले जुने नोड त्याच इमेजवर रोज काम करताहेत. नवा नोड मात्र अर्ध्या वाटेत थांबतो. कधी नुसता काळा पडदा, कधी फिरून बूट मेनू, कधी ड्राकट या बूटच्या साधनाचं आणीबाणीचं शेल.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या क्लस्टरला सोळा नवे सर्व्हर जोडताना आम्ही दोन दिवस स्विचच्या मागे लागलो होतो. पोर्ट बदलले, केबली बदलल्या, शेवटी स्विचही बदलून पाहिला. नोडला पत्ता मिळत होता, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उतरत होता आणि त्यानंतर नेटवर्क गायब होत होतं. ज्या तारेवरून आत्ता कर्नल आला, ती तार बिघडलेली कशी असेल, हा साधा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला असता तर ते दोन दिवस वाचले असते. हा लेख त्या दोन दिवसांसाठी आहे.

पुण्यात १९९१ साली सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. आज आयसर पुण्यात परम ब्रह्म आहे, आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांतूनही लहानमोठे क्लस्टर चालतात. ते सांभाळणारी कितीतरी मुलं मराठी आहेत, पण रात्री अकराला नोड अडला की वाचायला मराठीत काही सापडत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच करायची.

एक कार्ड, तीन ड्रायव्हर

नेटवर्क बूटमध्ये एकाच नेटवर्क कार्डाला तीन वेगवेगळे प्रोग्रॅम पाळीपाळीने जागं करतात. आधी सर्व्हरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, कार्डावरच्या ऑप्शन रॉममधला ड्रायव्हर वापरून पत्ता मागतं आणि पहिली छोटी फाइल उतरवतं. ती फाइल म्हणजे आयपीएक्सई किंवा ग्रब. ती स्वतःच्या किंवा फर्मवेअरकडून उसन्या घेतलेल्या ड्रायव्हरने कर्नल आणि इनिटरामएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची छोटी फाइलप्रणाली) आणते. मग कर्नल सुरू होतो, आधीचं सगळं विसरतो आणि आपल्या ड्रायव्हरने कार्ड शून्यापासून उठवतो.

आधीच्याला कार्ड ओळखता आलं म्हणून पुढच्याला ओळखता येईलच, असं नाही. फर्मवेअरमधला ड्रायव्हर कार्डाबरोबर कारखान्यातून आलेला असतो, त्यामुळे तो नेहमी नवा. कर्नलमधला मात्र तुमच्या इमेजच्या वयाचा असतो. नव्या सर्व्हरवर गाडी बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यावर अडते, ती याच कारणाने.

म्हणून पहिलं काम: नोड कोणत्या टप्प्यापर्यंत पोचला, हे डोळ्यांनी पाहा. बीएमसीवरून (सर्व्हर दुरून हाताळू देणारी त्यातली वेगळी चिप) आयपीएमआयटूलने सिरियल कन्सोल उघडा आणि कर्नलच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ जोडा. काही सर्व्हरवर तो टीटीवायएस१ असतो. दोन्ही करून पाहा, नाहीतर कर्नल व्यवस्थित बोलत असतो आणि आपण रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो. आणि एकच नोड हाती घ्या. सोळाच्या सोळा सुरू ठेवले की हेड नोडच्या लॉगमध्ये कोणाची ओळ कोणाची, हे कळेनासं होतं.

पहिली जाग: फर्मवेअर

बूट मेनूत नेटवर्क पोर्टचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर अजून डीएचसीपीकडे वळू नका. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क स्टॅक’ बंद असतो, किंवा ज्या स्लॉटमध्ये कार्ड आहे त्या स्लॉटचा ऑप्शन रॉम बंद असतो. मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स कार्डांवर यूईएफआय रॉम चालू-बंद करायची सोय कार्डाच्या आतच असते, ती एमएलएक्सकॉन्फिगने पाहता येते. आयपीव्ही६ वरून बूट करायचा पर्याय आयपीव्ही४ च्या आधी असेल तर तो बंदच करा. आपल्याकडच्या बहुतेक क्लस्टरमध्ये तो फक्त वेळ खातो.

पोर्ट दिसतो, पण ‘मीडिया’ नाही अशी तक्रार येते, जुन्या भाषेत पीएक्सई-ई६१ (पीएक्सई ही नेटवर्क बूटची ठरलेली पद्धत). इथे खरोखर तारेकडे बघायचं. २५ गिगाबिटच्या कार्डांवर केबल चांगली असूनही लिंक येत नाही, याचं एक कारण एफईसी, म्हणजे चूक-दुरुस्तीची पद्धत, दोन्ही टोकांना वेगळी असणं. स्विचवर आरएस-एफईसी आणि कार्डावर काहीच नाही, की दिवा लागत नाही. चालू असलेल्या एखाद्या मशीनवर तेच कार्ड लावून ‘ईथटूल --शो-एफईसी’ने तपासता येतं.

पत्त्यांची एक गफलतही इथेच होते. सर्व्हरच्या पुढच्या पट्टीवर छापलेला मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टची स्वतःची ओळख) पुष्कळदा बीएमसीचा असतो. तो डीएचसीपीत नोंदवला तर बीएमसीला छान पत्ता मिळतो आणि नोड उपाशी राहतो. चार पोर्टच्या कार्डावर कोणता पोर्ट पहिला, हेही छापील चित्रावरून ठरवू नका. बूट होताना पडद्यावर जो मॅक दिसेल तोच खरा.

पत्ता मागणं आणि न मिळणं

हेड नोडच्या आतल्या जाळ्याच्या पोर्टवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी कमांड) लावा आणि नोडच्या मॅकवर गाळणी ठेवा. पोर्ट ६७, ६८ (डीएचसीपी) आणि ६९ (टीएफटीपी, म्हणजे फाइल उतरवायची साधी पद्धत) वर जे दिसतं त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

‘डिस्कव्हर’, म्हणजे नोडची पत्त्याची मागणी, येतच नसेल, तर तो स्विचमध्ये अडला आहे. व्हीएलएएन (स्विचवर पाडलेला जाळ्याचा वेगळा भाग) चुकीचा असेल, किंवा हेड नोड दुसऱ्या व्हीएलएएनमध्ये असून मध्ये रिले नसेल. तेही ठीक असेल तर स्पॅनिंग ट्री (जाळ्यात चक्र होऊ नये म्हणून स्विच वापरतो ती पद्धत) पाहा. नेहमीच्या स्पॅनिंग ट्रीत लिंक आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पाकिटं पुढे सोडतो. पीएक्सईच्या १९९९ च्या विनिर्देशात डीएचसीपीसाठी ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबायला सांगितलं आहे, म्हणजे एकूण एक मिनिट. तेव्हा पहिल्या टप्प्यात नोड रडतखडत का होईना, निभावून जातो. पण आयपीएक्सईने किंवा कर्नलने कार्ड नव्याने उठवलं की लिंक क्षणभर पडते, आणि स्विच ते तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. पुढच्या टप्प्यांचा धीर कमी असतो. पहिल्यांदा पत्ता मिळाला, दुसऱ्यांदा नाही, असं दिसलं तर नोडच्या पोर्टना स्विचवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज’ करा. दोन पोर्टचा एलएसीपी गट (दोन तारा एकच समजून वापरण्यासाठी) बांधला असेल तर तोही तपासा. फर्मवेअरला एलएसीपी बोलता येत नाही, त्यामुळे स्विच पोर्ट लटकवून ठेवतो. स्विचवर एलएसीपी फॉलबॅकची सोय असेल तर ती लावा, नाहीतर बूटचा पोर्ट गटाबाहेर ठेवा.

‘डिस्कव्हर’ येतो पण ‘ऑफर’, म्हणजे डीएचसीपीचं उत्तर, जात नाही: मॅक नोंदवलेला नाही, किंवा डीएचसीपी भलत्याच पोर्टवर ऐकतो आहे. लॉग सांगेलच.

‘ऑफर’ जाते, फाइल उतरते आणि तरी नोड मेनूवर परत येतो. जुन्या क्लस्टरला नवे सर्व्हर जोडताना हे हमखास घडतं. जुने नोड बायोस पद्धतीने बूट होत होते आणि डीएचसीपी सगळ्यांना डोळे मिटून ‘पीएक्सईलिनक्स.०’ देत होता. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत बायोसचा जुना आधार काढून टाकणार. पुष्कळ नव्या सर्व्हरवर तो पर्यायच सापडत नाही. यूईएफआय ती फाइल आज्ञाधारकपणे उतरवतं, ‘एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली’ असंही म्हणतं आणि मग चालवता येत नाही म्हणून सोडून देतं.

उपाय डीएचसीपीच्या ९३ व्या ऑप्शनमध्ये आहे. आपण कोणत्या जातीचे आहोत हे नोड त्यात सांगतो: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिटी यूईएफआय, ११ म्हणजे ६४ बिटी आर्म. डीएचसीपीच्या कॉन्फिगमध्ये या आकड्यावरून फाटे करा. ० ला ‘अनडायओन्ली.केपीएक्सई’, ७ ला ‘एसएनपीओन्ली.ईएफआय’ किंवा ‘शिमएक्स६४.ईएफआय’. जुने नोड चालू राहतात आणि नव्यांना त्यांची फाइल मिळते. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बांधलेलं आयपीएक्सई सही नसल्यामुळे नाकारलं जातं. अशा वेळी शिम (सही असलेला छोटा बूट प्रोग्रॅम) आणि ग्रबची वाट धरा, किंवा क्लस्टरचं जाळं बंदिस्त असेल तर सिक्युअर बूट बंद करा. मी बंद करतो. कारण पुढे कर्नल मॉड्यूलच्या वेळीही तो आडवा येतो.

टीएफटीपीबद्दल दोनच गोष्टी. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘यूजर अबॉर्टेड द ट्रान्सफर’ दिसलं तर घाबरू नका, बरेचसे क्लायंट आधी फक्त फाइलचा आकार विचारतात, जोडणी तोडतात आणि मग खरी मागणी करतात. पण मागणी पोर्ट ६९ वर येऊनही पुढे काहीच हलत नसेल तर फायरवॉल पाहा. टीएफटीपीचं उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून निघतं. फायरवॉलडीमध्ये नुसता ६९ क्रमांक न उघडता ‘टीएफटीपी’ ही सेवाच उघडा, म्हणजे मागोवा घेणारा मदतनीसही लागतो.

दुसरी जाग: आयपीएक्सई

आयपीएक्सईची दोन रूपं आहेत आणि नव्या कार्डांवर हा फरक निर्णायक ठरतो. ‘आयपीएक्सई.ईएफआय’ स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतं. ‘एसएनपीओन्ली.ईएफआय’ फर्मवेअरचाच ड्रायव्हर पुढे वापरतं आणि ज्या पोर्टवरून ते स्वतः आलं त्याच पोर्टवर काम करतं. कार्ड नवं असेल तर दुसरं वापरा. आयपीएक्सईला कार्ड ओळखता येतं का, हा प्रश्नच मग उरत नाही, आणि चार पोर्टांपैकी भलत्यावर पत्ता मागण्याचा गोंधळही टळतो.

आयपीएक्सई पुन्हा पुन्हा स्वतःलाच उतरवत असेल तर डीएचसीपीला ते ओळखता येत नाही. ते ७७ व्या ऑप्शनमध्ये ‘आयपीएक्सई’ असं नाव सांगतं. ते दिसलं की फाइलऐवजी स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, अशी अट घाला.

कर्नल आणि इमेज मात्र एचटीटीपीने द्या. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा ब्लॉक पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा पाठवतो. १ जीबीच्या इमेजसाठी असे सुमारे २१ लाख ब्लॉक होतात. प्रत्येकाला पाव मिलिसेकंद धरला तरी जवळजवळ नऊ मिनिटं झाली. शिवाय ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे ३२ एमबीनंतर तो पुन्हा शून्यावर येतो, आणि काही क्लायंट तिथेच अडखळतात.

‘अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा पॅनिक इथल्याच एका चुकीचा उशिरा उमटलेला पडसाद असतो. कर्नलला इनिटरामएफएस मिळालंच नाही. यूईएफआयमध्ये आयपीएक्सईच्या स्क्रिप्टमध्ये कर्नलच्या ओळीवर ‘इनिटआरडी=’ लिहून फाइलचं नाव द्यावं लागतं. बायोसमध्ये त्यावाचून चालून जायचं, म्हणून जुन्या स्क्रिप्टमध्ये ते नसतं.

तिसरी जाग: कर्नल

आता मुख्य भाग. लक्षण ठरलेलं आहे: कर्नलचे संदेश धावतात, मग ‘ड्राकट-इनिटक्यू’ वाट बघत राहतं आणि शेवटी आणीबाणीचं शेल. कर्नलच्या ओळीत ‘आरडी.शेल’ आणि ‘आरडी.डीबग’ जोडून ठेवलं तर कुठे वाट बघत होता तेही दिसतं. वेअरवुल्फसारखी नोड बूट करायची व्यवस्था असेल आणि अख्खी इमेज मेमरीत उतरत असेल, तर चेहरा वेगळा दिसतो. कन्सोलवर लॉगिन येतं, सगळं आलबेल वाटतं, पण नोड जाळ्यात नसतो. कारण तिथे मूळ फाइलप्रणालीसाठी कर्नलला नेटवर्क लागलेलंच नसतं. आजार मात्र तोच.

शेलमध्ये ‘आयपी लिंक’ द्या. फक्त ‘एलओ’ (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पोर्ट) दिसला तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. ‘एलएसपीसीआय -एनएन -के’ असेल तर ते चालवा. इनिटरामएफएसमध्ये ते नसलं तरी ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस’खाली प्रत्येक उपकरणाची ‘व्हेंडर’, ‘डिव्हाइस’ आणि ‘मोडअलायस’ या फाइली असतात. व्हेंडर ८०८६ म्हणजे इंटेल, १५बी३ म्हणजे मेलानॉक्स, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. मोडअलायसची पूर्ण ओळ उतरवून घ्या, आता ती सगळ्यात मोलाची आहे.

हेड नोडवर या आणि इमेजच्या आत जाऊन विचारा: ‘मोडप्रोब -एस’ पुढे नोडच्या कर्नलची आवृत्ती, मग ‘-आर’ पुढे ती ओळ. उत्तरात ड्रायव्हरचं नाव यायला हवं. इंटेल ई८१० साठी ‘आइस’, कनेक्टएक्स-५ आणि ६ साठी ‘एमएलएक्स५_कोअर’, ब्रॉडकॉमच्या नव्या कार्डांसाठी ‘बीएनएक्सटी_ईएन’.

नाव आलं, तर ड्रायव्हर इमेजमध्ये आहे पण इनिटरामएफएसमध्ये पोचलेला नाही. ‘एलएसइनिटआरडी’ने खात्री करा. आमच्या सोळा नोडांचा आजार हाच होता. ड्राकट ‘होस्टओन्ली’ पद्धतीने चाललं की ज्या मशीनवर ते चालतं त्याच मशीनचे ड्रायव्हर गोळा करतं. इनिटरामएफएस हेड नोडवर बनवलं होतं. त्यात हेड नोडच्या आणि जुन्या नोडांच्या कार्डाचा ‘आयएक्सजीबीई’ होता, ‘आइस’ नव्हता. ‘ड्राकट -एफ --नो-होस्टओन्ली --केव्हर’ पुढे नोडच्या कर्नलची आवृत्ती, एवढ्याने काम झालं. वेअरवुल्फची दोन टप्प्यांची बूट पद्धत वापरत असाल तर त्याबरोबर ‘--अ‍ॅड डब्ल्यूडब्ल्यूइनिट’ विसरू नका.

नाव आलंच नाही, तर कर्नल कार्डापेक्षा जुना आहे. इथे आवृत्तीचा आकडा फसवतो. रेड हॅट ८ च्या घराण्यात कर्नल पहिल्यापासून शेवटपर्यंत ४.१८ च राहतो. पण ८.० मधला ४.१८.०-८० आणि ८.१० मधला ४.१८.०-५५३ यांच्या ड्रायव्हरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण नव्या कर्नलमधले बदल मागे आणून बसवलेले असतात. म्हणून आधी त्याच घराण्यातला शेवटचा कर्नल इमेजमध्ये घाला. इमेज अजून सेंटओएस ७ ची असेल तर तिचा आधार ३० जून २०२४ ला संपला आहे. ३.१० च्या कर्नलवर नवं कार्ड चालवण्यात घालवलेली मेहनत मला वाया गेलेलीच दिसते. तेवढ्या वेळात रॉकी किंवा अल्मा ९ ची इमेज उभी राहते.

कर्नल बदलण्याआधी लस्टर (क्लस्टरची सामायिक फाइलप्रणाली) वापरता का ते पाहा. लस्टरचं क्लायंट मॉड्यूल आणि इन्फिनिबँड या वेगवान जाळ्याचा बाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नलशी घट्ट बांधलेले असतात, तेही नव्याने बांधावे लागतात. नेटवर्क आलं आणि स्टोरेज गेलं, असं व्हायला नको.

कर्नल बदलता येत नसेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर किंवा ईएलरेपोचं केमॉड पॅकेज. यात एक सापळा आहे. इमेजच्या आत चरूट करून (तिलाच मूळ फोल्डर मानून) ‘यूनेम -आर’ विचारलं तर उत्तर हेड नोडच्या कर्नलचं येतं, आणि कंपनीची इन्स्टॉल स्क्रिप्ट बहुतेक वेळा तेच विचारते. ड्रायव्हर बांधला जातो, चूक दिसत नाही, पण तो भलत्याच कर्नलसाठी असतो. डीकेएमएसला (ड्रायव्हर बांधणारं साधन) ‘-के’ देऊन नोडचा कर्नल स्पष्ट सांगा, त्याच कर्नलचं ‘डेव्हेल’ पॅकेज इमेजमध्ये ठेवा आणि ‘मोडइन्फो’मध्ये ‘व्हरमॅजिक’ची (ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी आहे ते सांगणारी) ओळ वाचा. सिक्युअर बूट चालू असेल तर असं मॉड्यूल ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणून परत येतं. आणि हे सगळं झाल्यावर इनिटरामएफएस पुन्हा बनवायचं राहतं. तेच विसरलं जातं.

तिसरी शक्यता: ड्रायव्हर चढतो, पोर्ट दिसतो, पण काहीतरी अर्धवट. डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, वाचा. ‘आइस’ला डीडीपी नावाचं पॅकेज फर्मवेअरच्या फोल्डरमधून लागतं. ते नसेल तर तो ‘सेफ मोड’मध्ये जातो. नोड बूट होतो, पण कार्डाची बरीच कामं बंद असतात. लोक महिनोन्‌महिने ‘नव्या नोडांचं नेटवर्क मंद आहे’ म्हणत राहतात. ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज इमेजमध्ये आणि ती फाइल इनिटरामएफएसमध्ये, दोन्हीकडे हवी.

नाव बदललेला पोर्ट

ड्रायव्हर आहे, लिंक आहे, तरी नोड वाट बघतो आहे. कर्नलची ओळ वाचा. तिथे ‘आयपी=ईएनओ१:डीएचसीपी’ असं जुन्या नोडांचं नाव लिहिलेलं असतं, आणि नव्या नोडवर पोर्टाचं नाव ‘ईएनएस३एफ०एनपी०’ असतं. शेवटचं ‘एनपी०’ नव्या कर्नलबरोबर अचानक येतं, त्यामुळे कर्नल बदलल्यावर कालपर्यंत चाललेली नावंही मोडतात. नावाच्या भरवशावर राहू नका. ‘बूटआयएफ=’ पुढे ०१ आणि मॅक पत्ता द्या. पीएक्सईलिनक्समध्ये ‘आयपीअपेंड २’ ते आपोआप जोडतं, आयपीएक्सईच्या स्क्रिप्टमध्ये मॅकचं चल वापरून लिहावं लागतं. ज्या पोर्टवरून बूट झालं त्यालाच मग कर्नल धरतो.

डिस्कवर इन्स्टॉल करणार असाल तर अजून एक गोष्ट. इंटेलच्या सर्व्हरवर व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असेल तर एनव्हीएमई डिस्क त्याच्या आड लपतात आणि ‘व्हीएमडी’ मॉड्यूल नसेल तर इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसत नाही. रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची) गरज नसेल तर फर्मवेअरमध्ये तो बंद करा.

बाकीचे नोड

एक नोड वर आला की तो वीज पूर्ण काढून पुन्हा चालू करा, दोनदा. नुसत्या रीबूटमध्ये कार्ड आधीच्या ड्रायव्हरने सोडलेल्या अवस्थेत असतं, आणि त्यात लपलेली चूक थंड सुरुवातीलाच दिसते. मग त्याच्या फर्मवेअरच्या सेटिंगची प्रत बीएमसीमधून काढून बाकीच्यांवर चढवा. फर्मवेअरच्या आवृत्त्या आधी जुळवून घ्या, कारण एकाच खरेदीतल्या सर्व्हरांवरही त्या वेगळ्या निघतात. नोड चार-चार करून सुरू करा आणि प्रत्येक खेपेला हेड नोडचा लॉग वाचा. क्लस्टरच्या वहीत नोडच्या नावापुढे मॅकबरोबर कार्डाचा पीसीआय आयडी आणि ड्रायव्हरचं नाव लिहा. पुढच्या खेपेला इमेज बदलणारा माणूस दुसरा कोणी असेल, आणि नवा कर्नल या कार्डांना ओळखतो का, हे त्याला नोड बंद न करता त्या एका ओळीवरून तपासता येईल.